तीनपासून आठपर्यंत

दिवाळी अंकासाठी निवडणुकीच्या कामातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं. गमती माझ्याकडं आहेत. सरकारी कारकुनीतली निम्म्याहून जास्त वर्षं निवडणुकीच्या टेबलावर गेली, तेव्हा त्या असणारच. पण लिहायला बसलो की एकच कागद डोळ्यांपुढं येतो. त्याची गंमत वाटत नाही, भीती वाटते. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी वाटते. म्हणून तेच लिहून टाकतो. संपादकांना नको असेल तर त्यांनी परत करावं.

लोकांना मोठ्या निवडणुका माहीत असतात. लाखांनी मतदार, यंत्रं, पोलीस, रांगा. त्या गर्दीत माणूस लपून जातो. मी सांगतोय ती निवडणूक अगदी लहान होती. जिल्ह्याला तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच तिघांना एका समितीवर पाठवायचं, एवढंच काम. मतदार पन्नास. सगळे एका एसटीत बसतील.

मतदानाची तऱ्हा मात्र वेगळी. कागदावर आठ नावं छापलेली. शिक्का नाही, बटण नाही. आम्ही जांभळ्या शाईचा एक पेन द्यायचो, त्यानंच लिहायचं. जो सगळ्यांत आवडता त्याच्यापुढं १, त्याच्या खालोखाल जो असेल त्याच्यापुढं २, असं जिथवर मन असेल तिथवर आकडे लिहीत जायचे. एकचा आकडा हवाच, बाकीचे मर्जीवर. पन्नास मतं आणि तीन जागा असल्या की ज्याला तेरा मिळाली तो निवडून आला, कारण पन्नासात चौघांना तेरा-तेरा मिळूच शकत नाहीत. एखाद्याला गरजेपेक्षा जास्त मिळालं तर तो जादाचा भाग कागदावरच्या दोन नंबरच्या माणसाकडं जातो. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात जावं, तसं.

हे मी सदस्यांना दरवेळी समजावून सांगायचो आणि दरवेळी कुणीतरी घोळ घालायचंच. जळकोटच्या एका वयस्कर सदस्यांनी आठही नावांपुढं १ लिहिला. मत बाद. बाहेर येऊन मला म्हणाले, "सगळी घरचीच माणसं हायत भाऊसाहेब, कुणाला दोन नंबर म्हणायचं?" दुसऱ्या एकानं कागदाच्या तळाशी हुद्द्यासकट झोकदार सही केली. तेही मत बाद. सही केल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही, हा त्यांचा सभापती असतानाचा अनुभव होता. या पद्धतीचा अख्ख्या जिल्ह्यात मीच काय तो जाणकार, असं साहेब लोकही म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. पुढं जे झालं त्याचं मूळ या आवडण्यातच आहे.

त्या वर्षी दोन्ही पक्षांचं बळ सारखं होतं, पंचवीस-पंचवीस. दोघांनीही दोन-दोन उमेदवार दिले. उरलेली चार नावं अर्ज मागं घ्यायचे राहून गेल्यामुळं छापली गेली होती. आता हिशेब बघा. पंचवीस मतं दोघांत वाटली तर एकाला तेरा आणि दुसऱ्याला बारा. तेरावाला डोळे मिटून निवडून आला. बारावाल्याची गाठ समोरच्या पक्षाच्या बारावाल्याशी, आणि निकाल चिठ्ठीवर. समोरची मतं फुटायची नव्हती. आपलं मत पळून जाणार ते आपल्याच दुसऱ्या उमेदवाराकडं. त्यामुळं या निवडणुकीत कुणी समोरच्याला घाबरत नाही. ज्याच्याबरोबर एका गाडीतून येतो, ज्याच्या शेजारी बसून जेवतो, त्याला घाबरतो.

एका पक्षाचे ते दोघे म्हणजे येरमाळ्याकडचे बप्पा आणि लोहारा तालुक्यातले गुरुजी. नावं बदललीत, पण ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. बप्पा पक्षाचे जुने पुढारी, त्यांची शाळांची संस्था होती. गुरुजी निवृत्त मास्तर, लोकांनी आग्रहानं उभं केलेले. पक्षानं वाटप केलं ते असं: बप्पांना तेरा, गुरुजींना बारा. कुणी कुणाला एक नंबर द्यायचा ते नावानिशी ठरलं. गुरुजींनी ते मान्य केलं. बप्पांना मात्र झोप लागत नसणार, कारण गुरुजींबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडत नव्हता.

निवडणूक जाहीर झाली त्या सुमारास मी बायकोला घेऊन येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो होतो. खाली रस्त्यावर बप्पा भेटले. बायको ओटीचं सामान घेत होती, तोवर त्यांनी मला हॉटेलात नेलं, चहा मागवला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "भाऊसाहेब, एक आन दोनचं समजलं. तीनपासून आठपर्यंत कोण वाचतं हो?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "बहुतेक वेळा ते आकडे नुसते पडून असतात."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण समोरचा कान देऊन ऐकतोय म्हटल्यावर मला राहवलं नाही. खिशातला कागद काढून मी मांडूनच दाखवलं. एक आणि दोन सोडले तर सहा नावं उरतात. सहा नावं सातशे वीस तऱ्हांनी लावता येतात. पन्नास काय, सातशे माणसं असली तरी एकाचा कागद दुसऱ्यासारखा असायचं कारण नाही.

बप्पांनी तो कागद आपल्याकडं ओढला. "म्हंजे ठरवलं तर परत्येकाचा कागद येगळा करता येतो."

"अगदी."

"लई बारीक अभ्यास हाय तुमचा," ते म्हणाले. मी खूश होऊन बाहेर आलो. कागद त्यांच्याकडंच राहिला.

माझे वडील मेंढरं राखायचे. चार जणांचा कळप एकत्र बसवला तरी कुणाचं मेंढरू कोणतं ते वडील कानाला नुसता हात लावून सांगायचे. प्रत्येकाच्या मेंढराचा कान वेगळ्या जागी कापलेला असायचा. अशा माणसाच्या पोटी जन्मून बप्पांच्या प्रश्नाचा अर्थ मला तिथंच कळायला हवा होता. मला वाटलं, माणूस जिज्ञासू आहे.

मतदानाच्या आदल्या दिवशी सदस्यांना सरावाला बोलावलं. बप्पांच्या पक्षाचे पंचवीस जण बसमधून आले. त्यांना चार दिवस कुठल्याशा देवस्थानाला सहलीला नेऊन ठेवलं होतं. फोन काढून घेतलेले. बायाबापड्या सगळ्याच गप्प. व्हरांड्यात एक सदस्य डोळे मिटून पुटपुटत होते, "पाच, तीन, आठ, चार..." पाढे पाठ करणाऱ्या पोरासारखे. मी थट्टा केली, "परीक्षा उद्या आहे, आज कशाला घोकताय?" ते दचकले आणि पलीकडं निघून गेले. तरी मला काही सुचलं नाही.

त्यांच्यातच उषाताई होत्या. लोहारा तालुक्यातल्या, पस्तिशीच्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. सरावाचा कागद त्यांनी पेन इतका दाबून लिहिला की मागं फाटला. मी दुसरा दिला. तोही तसाच. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "भाऊसाहेब, कुणी कुणाला एक नंबर दिला ते मागनं कळतं का?"

"का हो ताई?"

"आमचे मालक बप्पांच्या शाळेत हायत. धा वर्सं झाली, अजून कायम न्हाईत. आन गुरुजी..." त्या थांबल्या. "दहावीला बसू द्या म्हणून माझ्या बापाच्या दारात तीन दिवस येऊन बसले व्हते गुरुजी. न्हायतर म्या आज हितं नसते."

काय विचारतायत ते मला समजलं. त्यांचं मत बप्पांच्या तेरात धरलेलं होतं. मी माझा सगळा अनुभव आवाजात आणून म्हणालो, "ताई, पेटीत पडलेला कागद कुणाचा, हे मला कळत नाही आणि मोठ्या साहेबांनाही कळत नाही. तुम्ही बिनघोर राहा."

"तुमी म्हणताय म्हणून," त्या म्हणाल्या. तेवढ्यात त्यांच्या पक्षाच्या कुणीतरी हाक मारली आणि त्या एकदम उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मतदान झालं. उषाताई शेवटच्या दोघातिघांत आल्या. पेन घेताना हातातून पडला. पुठ्ठ्याच्या आडोशामागं त्या बराच वेळ होत्या. बाहेर बाकड्यावर बप्पा बसले होते, त्यांनी दोनदा मान वाकडी करून आत बघितलं. ताईंनी कागद पेटीत टाकला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून हसलो, सगळं ठीक आहे अशा अर्थानं.

दुपारी मोजणी. आधी कागद उलगडून एक नंबरप्रमाणं गठ्ठे लावायचे. मग एकेक कागद उचलून उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायचा. त्यांना बघायचा हक्क असतो. कागद धरायचं काम माझं. बप्पांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्या शाळेचे हेडमास्तर आले होते. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर आखीव कागद. उषाताईंचे मालक याच हेडमास्तरांच्या हाताखाली शिकवायचे.

पहिला गठ्ठा बप्पांचा. मी एक कागद धरला. बाकीच्या प्रतिनिधींनी एक नंबर बघून मान हलवली. हेडमास्तरांनी एक नंबर बघितलाच नाही. त्यांची नजर बाकीच्या सहा नावांवरून फिरली, ओठ हलले आणि आखीव कागदावर एक खूण झाली. दुसरा कागद, पुन्हा तेच. तिसरा, चौथा. पाचव्या कागदाला माझ्या डोक्यात येरमाळ्याचं हॉटेल आलं. सातशे वीस. परत्येकाचा कागद येगळा. व्हरांड्यातलं ते पुटपुटणं.

प्रत्येकाला तीनपासून आठपर्यंतचे आकडे वेगवेगळे पाठ करायला लावले होते. प्रत्येकाच्या कानाला कात्री लागली होती, आणि ती मी दिली होती.

बप्पांचा गठ्ठा संपला, बारा कागद. हेडमास्तरांनी आपली यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि एका ओळीवर पेनचं टोक ठेवून ते थांबले. शांतपणे. आता गुरुजींचा गठ्ठा. त्यातले मी मोजून एकेक धरत गेलो. आठवा असेल किंवा नववा, कागद हातात आला आणि बोटांना कळलं. पेन इतका दाबलेला की आकडे मागं उमटले होते.

एक नंबर गुरुजींना. दोन नंबर बप्पांना. आणि तीनपासून आठपर्यंत बहुधा सांगितले होते तस्सेच. त्या माउलीनं फक्त वरचे दोन आकडे बदलले होते. बाकी दिलेला शब्द जसाच्या तसा पाळला होता. दुसरं कुणी असतं तर पुढचं कोरं सोडलं असतं.

मी कागद वर धरला आणि माझा अंगठा आपोआप आकड्यांवर गेला.

"अंगठा काढा, भाऊसाहेब," हेडमास्तर म्हणाले. आवाज अगदी आदबीचा. सगळे माझ्याकडं बघू लागले. वरच्या खुर्चीवरून साहेबांनीही मान वर केली.

मी अंगठा काढला.

हेडमास्तरांनी थांबलेलं पेनचं टोक हलवलं आणि त्या ओळीभोवती गोल केला.

अंगठा ठेवून काही उपयोग झाला नसता, हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय. बाराच्या गठ्ठ्यात कोणाची खूण नाही, ते आधीच कळलं होतं. हे खरं आहे. पण त्या घडीला मी हा विचार करून अंगठा काढला नाही. घाबरून काढला. साहेबांना बाजूला घेऊन सांगावं, असंही मनात आलं. काय सांगणार होतो? तीनपासून आठपर्यंत हवे तसे आकडे लिहायला कायद्याची बंदी नाही. आणि साहेबांचा पहिला प्रश्न हाच आला असता की ही तऱ्हा त्यांना शिकवली कुणी. माझ्या नोकरीची काही वर्षं अजून बाकी होती. मी पुढचा कागद उचलला.

गुरुजींना तेरा, बप्पांना बारा. समोर तेरा आणि बारा. मधे शतांशांचा थोडा हिशेब असतो, तो सांगून वाचकांना छळत नाही. दोन्हीकडं तो सारखाच बसला. गुरुजी निवडून आले आणि बप्पा चिठ्ठीवर लटकले. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, नावं माझ्याच हातची. डबा हलवताना मी मनातल्या मनात येडेश्वरीला म्हणालो, बप्पांना येऊ दे. जिंकले तर विसरतील, एवढीच आशा. नशिबानं साथ दिली, समोरचा माणूस बाहेर गेला आणि बप्पा आले.

बप्पांनी गुरुजींना मिठी मारली. "दोघंबी आलो गुरुजी. पक्षाची इज्जत ऱ्हायली." गुरुजींच्या डोळ्यांत पाणी. तेरावं मत कुणाचं, ते त्यांना माहीतच नव्हतं, आपल्या वाटणीला बारा होते हेही ते त्या आनंदात विसरले असावेत. मिठी सुटली तशी बप्पांनी मागं न बघता हेडमास्तरांपुढं हात केला. हेडमास्तरांनी आखीव कागद त्यांच्या हातावर ठेवला. बप्पांनी तो न वाचता घडी करून खिशात टाकला. मी हे बघितलं आणि मला कळलं, विसरणार नाहीत.

मग वाट बघणं सुरू झालं. काही झालं नाही. बप्पा कामाला येत, माझी चौकशी करत. लोहाऱ्याकडचं कुणी भेटलं की मी उषाताईंबद्दल आडून आडून विचारायचो. ठीक आहेत म्हणायचे. महिने गेले, मला थोडा श्वास घेता येऊ लागला. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि तिकडच्या एका तलाठ्यानं बोलता बोलता सांगितलं, ताईंच्या मालकांचं नाव हजेरीपटावर आलंच नाही. पट कमी झाला, तुकडी बंद, असं तोंडी कळवलं. कागद काहीच नाही. ते कायम नव्हतेच, त्यामुळं भांडायला जागा नव्हती.

निवृत्तीनंतर एकदा लोहाऱ्याला जायची वेळ आली. काम उरकून स्टँडबाहेरच्या जीपमध्ये मधल्या सीटवर बसलो. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. उषाताई. जीप त्यांचे मालक चालवत होते. दहा वर्षं गणित शिकवलेला माणूस खिडकीतून मान काढून गावांची नावं ओरडत होता.

"भाऊसाहेब, वळखलं का?" ताई हसल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मालकांना आरशातूनच माझी ओळख करून दिली, "हे मतदानवाले साहेब. लई समजावून सांगायचे."

थोडं अंतर गेल्यावर त्या मागं वळून हळू आवाजात बोलू लागल्या. "एक इचारू का? त्या टायमाला म्या कुणाला मत दिलं ते फकस्त माझ्या जाऊबाईला सांगितलं व्हतं. दुसऱ्या कुणालाच न्हाय, मालकालाबी न्हाय. तरी बप्पांना कळलं."

मी मांडीवरची पिशवी नीट करू लागलो.

"तवापासनं जाऊचं आन माझं बोलणं बंद हाय. एका भिंतीला चुली हायत आमच्या. ती शपथा घेती, लेकराच्या डोक्यावर हात ठिवती. पर कागदावरनं तर कळत न्हाय ना? तुमीच म्हणाला व्हता."

जीपमध्ये दहाबारा माणसं होती. कुणाचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. ताईंचे डोळे माझ्यावर होते, सरावाच्या दिवशी होते तसेच. एक शब्द बोललो असतो तर दोन चुलींमधली भिंत पडली असती. आणि येरमाळ्याच्या हॉटेलातला माझा कागदही उघडा पडला असता.

"नाही कळत," मी म्हणालो.

"मग जाऊनंच सांगितलं," त्या म्हणाल्या आणि पुढं तोंड करून बसल्या. मला जायचं होतं त्याच्या दोन गावं अलीकडंच मी उतरलो.

ती जाऊबाई मी कधी बघितली नाही. कशी दिसते, माहीत नाही. पण रोज तीच डोळ्यांपुढं येते, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून उभी असलेली. नोकरी गेली ती मला परत देता येणार नाही. खोटं मात्र माझंच आहे, आणि ते मागं घेता येतं. त्याला इतकी वर्षं लावली, कारण मी भित्रा आहे. बप्पांना आता घाबरत नाही, पेन्शनवाल्याचं ते काय करणार? ताईंच्या चेहऱ्याला घाबरतो.

संपादकांना मी या अंकाच्या दोन प्रती मागितल्या आहेत. एक उषाताईंना आणि एक त्यांच्या जाऊबाईंना. टपालानं पाठवणार नाही, स्वतः जाणार आहे. स्टँडबाहेर त्यांच्या मालकांची जीप उभी असेल. या वेळी पुढच्या सीटवर बसेन, आणि अलीकडं उतरणार नाही.